डोंगरराजाचा घरचा सप्टेंबर

मेलार खोऱ्यात घरं चौदा आणि मेंढरं सहा हजार. जूनमध्ये ती डोंगरमाळावर मोकळी सोडायची आणि सप्टेंबरात, बर्फ धरायच्या आत, सगळ्यांनी मिळून खाली आणायची. पाच दिवसांचं काम. वीस-बावीस स्वार, प्रत्येकाचे दोन घोडे, पाच-सात कुत्री. या सगळ्यांत ज्याचा शब्द डोंगरावर शेवटचा, त्याला खोऱ्यात डोंगरराजा म्हणतात. होल्टच्या घरचा सिग्वाल्दी अठ्ठावीस वर्षं डोंगरराजा होता.

राजा म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसं त्याच्यात काही नव्हतं. अंगानं किरकोळ, केस कायम टोपीखाली चपटे झालेले, आणि आवाज इतका मऊ की स्वतःच्या कुत्र्यालासुद्धा दोनदा हाक मारावी लागे. त्याच्या आधी थोरलाक राजा होता. थोरलाकची आरोळी नदीपलीकडच्या मेंढ्यांना ऐकू जायची; माणसांना मात्र ती ऐकवत नसे. थोरलाकचे गुडघे गेले तेव्हा शाळेच्या खोलीत सभा भरली आणि कुणीतरी सिग्वाल्दीचं नाव घेतलं. तो तेव्हा चाळीस वर्षांचा होता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"मी? माझा आवाज माझ्याच अंगणाच्या बाहेर जात नाही."

कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी ओलोफ सुई न थांबवता म्हणाली, "बरं झालं. इतकी वर्षं कान बधिर झालेत आमचे."

सगळे हसले, आणि हसता हसता तो राजा झाला.

त्याची राज्य करायची तऱ्हा वेगळीच होती. पहाटे डोंगरातल्या दगडी खोपीत कॉफी उकळली की सगळे त्याच्या तोंडाकडे बघत, तो मात्र त्या वर्षी पहिल्यांदा आलेल्या माणसाकडे वळायचा आणि म्हणायचा, "तुला काय वाटतं रे, कुठनं सुरुवात करावी?" तो बिचारा गडबडून जायचा, काहीतरी बोलायचा. मग त्याच्याहून जरा जुना. असं करत करत सगळ्यात जाणत्यापर्यंत. शेवटी सिग्वाल्दी दोन वाक्यांत सांगायचा की कोण कुठल्या कड्याला जाईल. थोरलाकचा मुलगा ब्रांदुर कुरकुरायचा, "ह्याला स्वतःला काही ठाऊक असतं की नाही?" ठाऊक सगळं असायचं. पण नवख्याला आधी विचारलं की त्याची खरी भीती कळते, मागाहून विचारलं तर तो जाणत्याचीच री ओढतो, हे सिग्वाल्दीला थोरलाकच्या हाताखाली गप्प राहून राहून कळलं होतं.

आणि तरीही त्याच्या हातून ती एक चूक झालीच.

राजा होऊन नववं वर्ष. तिसऱ्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळी मेंढरं खोपीजवळच्या वाडग्यात जमली होती. उत्तरेच्या तळ्यांपाशी शे-दीडशे राहिली होती. सकाळ अशी लख्ख की दूरची हिमनदी हाताशी यावी. सिग्वाल्दीची एक म्होरकी मेंढी होती, मोरा. तपकिरी, उंच पायांची, शिंगं मागं वळलेली. अशा मेंढ्या कळपाच्या पुढे चालतात, वाट काढतात, आणि हवा बदलायची असेल तर त्यांना माणसाच्या आधी कळतं. त्या सकाळी वाडग्याचं दार उघडलं, आणि मोरा बाहेर येईना. दारात आली, नाक वर केलं, वळली आणि भिंतीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. तिच्यामागे सगळा कळप थबकला.

सिग्वाल्दीनं ते पाहिलं.

"मेंढी रुसलीय राजाची," ब्रांदुर म्हणाला. "आता तिचीही समजूत काढत बसणार का? उत्तरेचं आजच उरकलं तर उद्या दुपारी घरी."

सगळ्यांना घराची ओढ होती. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. आणि त्याच्या आदल्याच वर्षी तो दोनदा उगाच थांबला होता, त्यावरून थट्टा झाली होती. सिग्वाल्दी एक क्षण मोराकडे बघत राहिला, मग म्हणाला, "जाऊ द्या दोघांना." बाक्कीच्या घरचा एविंदुर आणि त्याच्याबरोबर वेरमुंद, असे दोघे उत्तरेला निघाले.

दुपारी बारा वाजता वारा फिरला. एकच्या सुमाराला बर्फाच्या माऱ्यात स्वतःच्या घोड्याचे कान दिसेनात.

सिग्वाल्दीनं इतरांना खोपीत बसवलं, दाराला आतून कुणी कडी घालायची नाही म्हणून बजावलं आणि एकटा निघाला. तीन तासांनी त्याला ते दोघे तळ्याच्या काठी एका शिळेच्या आडोशाला सापडले. घोडे वाऱ्याकडे पाठ करून उभे. वेरमुंदचा एक हातमोजा वाऱ्यानं उडवला होता, म्हणून एविंदुरनं आपला डावा त्याला दिला होता. अंधार पडायच्या आत सिग्वाल्दीनं दोघांना खोपीत आणलं. जीव वाचले. एविंदुरच्या डाव्या हाताची तीन बोटं मात्र वाचली नाहीत.

एविंदुर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याच्या आधी त्याची आई वाजवायची. त्या नाताळात मेलारच्या चर्चमध्ये माणसांनी नुसत्या गळ्यानं गायलं, आणि पहिल्याच ओळीला सूर इतका वर गेला की दुसऱ्या कडव्याला निम्मे लोक गप्प झाले. सिग्वाल्दी मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

पुढच्या ऑगस्टमध्ये सभा भरली. तो उभा राहिला. म्हणाला, "मोरानं सांगितलं होतं. मी पाहिलं होतं. थट्टा होईल म्हणून बोललो नाही. वाऱ्याचा दोष नाही, ब्रांदुरचाही नाही. शब्द माझा होता. आता दुसरा राजा निवडा."

ब्रांदुर बुटांकडे बघत होता. मग एविंदुर उठला. डावा हात खिशात.

"म्हणजे ज्याची चूक करून झालीय त्याला घरी बसवायचं," तो म्हणाला, "आणि ज्याची अजून व्हायचीय त्याच्यामागं आम्ही जायचं? हे मला परवडायचं नाही. माझ्याकडे आता सातच उरलीत."

कुणाला हसावं की रडावं कळेना. ओलोफ तेव्हा नव्वदीला टेकली होती; ती मोठ्यानं हसली, तेव्हा बाकीचेही हसले. सिग्वाल्दी राजा राहिला.

त्यानंतर तो पूर्वीपेक्षा कठोर झाला. एका वर्षी मोरा नव्हती, तिची नात होती, तरी त्याला हवेत काहीतरी खटकलं आणि दोनशे मेंढरं वर सोडून त्यानं सगळ्यांना खाली आणलं. वादळ आलंच नाही. दोन दिवस असं ऊन पडलं की बायकांनी गोधड्या वाळत टाकल्या. आठवडाभरानं परत वर जाऊन ती मेंढरं आणावी लागली. खोऱ्यात त्या उन्हाला कित्येक वर्षं 'सिग्वाल्दीचं वादळ' म्हणत. "आज सिग्वाल्दीचं वादळ आहे, चला गवत कापू!" तो ऐकून घ्यायचा. उलट कधी म्हणाला नाही, की आलं असतं तर?

अडुसष्टाव्या वर्षी डोळे गेले. अगदी नाही, पण डोंगरावर जेवढे लागतात तेवढे गेले. समोरच्या उतारावर मेंढी दिसतेय म्हणून त्यानं एविंदुरच्या मुलीला, हाल्वेगला, खाली पाठवलं. तिचा घोडा दगडगोट्यांवरून घसरता घसरता वाचला. ती वर आली ती हसतच. "सिग्वाल्दी, ती मेंढी नाही, धोंडा आहे. पण गुणी आहे हां, हलला नाही जागचा."

तोही हसला. पण मागे फिरताना त्यानं मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या सभेत राजेपण सोडलं. मग कुणाला निवडायचं, असं लोकांनी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "खोपीत कॉफी सगळ्यांना मिळाली का, हे कोण बघतं ते आठवा." फार आठवावं लागलं नाही. हाल्वेग छत्तीस वर्षांची होती. खोऱ्यात पहिल्यांदाच बाई डोंगरराजा झाली. 'राणी' म्हणायचं का, यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी राजाच राहिलं.

आणि मग आला तो सप्टेंबर.

निघायच्या दिवशी स्वार होल्टच्या दारावरूनच जातात. सिग्वाल्दी कुंपणाशी उभा होता. घोड्यांच्या अंगाचा वास, ओल्या खोगिरांचा वास, कुणीतरी तपकीर ओढून शिंकलं त्याचा आवाज. सगळं त्याच्या अंगावरून गेलं. हाल्वेग खाली उतरली.

"जीपनं खोपीपर्यंत चल की. सामानाची गाडी जातेच आहे. नुसता बस तिथं."

त्याच्या घशाशी 'हो' आलं होतं. "नको," तो म्हणाला. "मी बसलो की तू काही बोललीस, तरी ही माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतील. मी काही केलं नाही तरी बघतील."

"मग बघू देत."

"नको पोरी. निघ आता, उशीर होतोय."

ते वळणाआड गेले. घोड्यांच्या टापा नदीच्या आवाजात मिसळेपर्यंत तो तिथंच होता. मग घरात येऊन खिडकीशी बसला. त्याची बायको स्टेनुन पिठाच्या हातांनी राय धान्याच्या भाकऱ्या तव्यावर टाकत होती. तिनं तासभर त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मग म्हणाली, "काच झिजेल."

"आता ते सांदा नदी ओलांडत असतील."

"असतील."

"पाणी घोड्याच्या पोटाला लागत असेल. परवाचा पाऊस."

"सिग्वाल्दी, अठ्ठावीस वर्षं तू वर असताना मी इथं हेच म्हणत होते. मला कुणी विचारलं नाही, पाणी कुठवर लागतंय ते."

तो उठला, दारापर्यंत जाऊन परत येऊन बसला. घरात त्याला करमेना. खोपीतल्या फळ्यांवर बावीस माणसं दाटीवाटीनं झोपतात, मोजे चुलीवर वाळत असतात, आणि कुणीतरी घोरत असलं की दुसरा त्याला लाथ मारतो. असल्या गोष्टींसाठी माणूस झुरू शकतो, हे त्याला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. हात रिकामे होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बसे, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नसे.

दुसऱ्या दिवशी तो चालत बाक्कीला गेला. एविंदुर खिडकीत बसला होता. मांडीवर दुर्बीण, बाजूला थंड झालेला कॉफीचा कप. खुर्चीचे पाय जमिनीवर जिथं टेकत तिथं लाकूड झिजून खड्डे पडले होते.

सिग्वाल्दी ते खड्डे बघत राहिला. एका वर्षाचे नव्हते ते.

"तू दर सप्टेंबरात असा बसतोस?"

"मग कुठं बसू? चर्चमध्ये?"

"एकोणीस वर्षं?"

एविंदुरनं दुर्बीण बाजूला ठेवली. "हात गारठला की लगाम कळत नाही रे. हातात आहे की सुटला, तेच कळत नाही."

"मला वाटलं, तुझं मन उडालं डोंगरावरनं. तू परत कधी आला नाहीस, म्हणून मला वाटलं की तुला..."

"तुला वाटलं," एविंदुर म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "काल पहिल्यांदा डोंगर चढलेल्या माणसालासुद्धा तू विचारायचास, तुला काय वाटतं. मला नाही विचारलंस."

सिग्वाल्दीला बसायला खुर्ची सापडेना. खुर्ची समोरच होती. शेवटी तो बसला. एकोणीस वर्षांत तो या घरात शंभरदा आला होता. मटणाचं सूप प्यायला होता, पत्ते खेळला होता, एविंदुरच्या बायकोच्या शवपेटीला खांदा दिला होता. हवापाणी, गवत, मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा, सगळ्यावर बोलला होता. फक्त त्या हाताकडे त्यानं कधी नीट बघितलं नव्हतं.

"लाज वाटायची," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणून तर मीही काढलं नाही." एविंदुरनं थंड कॉफी पिऊन तोंड वाकडं केलं. "दुर्बीण घे. तुझ्या डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण धर."

चौथ्या दिवशी डोंगरावर धुकं उतरलं. पाचव्या दिवशी कळप खाली यायला हवा होता. खाली खोऱ्यातल्या मोठ्या वाडग्यापाशी माणसं जमली, गावोगावचे पाहुणे आले, सुपाची भांडी चढली, आणि वरून निरोप आला की हाल्वेग खोपीतच थांबली आहे. ब्रांदुर यंदा पाठदुखीनं खालीच होता. तो बाक्कीला तणतणत आला. एविंदुरच्या स्वयंपाकघरात वायरलेस होता.

"सहा हजार मेंढरं चिखलात उभी करून बसलीय ही बाई! सिग्वाल्दी, तू असतास तर आत्ता सगळी खाली असती. बोल तिच्याशी. तुझं ऐकेल ती."

'तू असतास तर.' चार दिवस हेच शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकायला सिग्वाल्दी भुकेला होता, हे त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. ते गोड लागले. त्यानं वायरलेस हातात घेतला, बटण दाबलं.

खरखर झाली आणि आधी हाल्वेग नव्हे, तर तिच्यामागची खोप ऐकू आली. कुणीतरी हसत होतं. पत्र्याचा पेला आपटला. एक कुत्रं भुंकलं आणि कुणीतरी त्याला नाव घेऊन गप्प केलं. सिग्वाल्दीनं डोळे मिटले.

"सिग्वाल्दी? तूच ना? इथं निम्मे म्हणतायत निघू या, निम्मे म्हणतायत थांबू या. तू असतास तर काय केलं असतंस?"

त्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. अठ्ठावीस वर्षांची उत्तरं होती. ब्रांदुर मानेनं 'सांग, सांग' करत होता.

"तुला तिथून काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"वाडग्याची पलीकडची भिंत दिसत नाहीये. सांदाचा आवाज वाढलाय. दोघा नव्या लोकांचे हात थरथरतायत, पण म्हणतायत आम्ही ठीक आहोत."

"मग?"

खरखरीत खोपीचं दार करकरल्याचं ऐकू आलं.

"थांबते मी," ती म्हणाली.

"थांब तर मग."

बटण सोडलं की तो आवाज जाणार होता. त्यानं आणखी दोन श्वास ते हसणं, तो पेला, ते कुत्रं ऐकून घेतलं आणि वायरलेस एविंदुरच्या हातात दिला. ब्रांदुर म्हणाला, "हे काय बोलणं झालं?" सिग्वाल्दी म्हणाला, "जिथं उभी आहे तिथलं तिला दिसतंय. मला तुझं नाक दिसतंय. सूप गार होतंय बघ, जा." ब्रांदुर गेला, पण वाडग्यापाशी जाऊन त्यानं अर्ध्या खोऱ्याला सांगितलं, की राजा म्हातारा झाला.

कळप एक दिवस उशिरा खाली आला. त्या धुक्यात निघाले असते तर काय झालं असतं, कुणालाच ठाऊक नाही; काही झालंही नसतं कदाचित. बावीसच्या बावीस माणसं आली. सहा मेंढ्या कमी भरल्या, तेवढ्या दर वर्षी भरतात. दिवसभर माणसं मेंढरांच्या कानांवरच्या खुणा बघून आपापली ओढून काढत होती. सिग्वाल्दी भिंतीला टेकून उभा राहिला. हाल्वेग दोनदा त्याच्याजवळून गेली, एकदा कोपराला हात लावला, पण थांबली नाही. तिला वेळ नव्हता. त्याला ते बरं वाटलं, आणि वाईटही.

पुढच्या जुलैत सिग्वाल्दी आणि एविंदुर, दोघेच, उत्तरेच्या तळ्यांकडे निघाले. सर्वांत गरीब घोडा एविंदुरला. उबेचे दिवस होते, तरी लगामाला चामड्याचा फास करून सिग्वाल्दीनं तो त्याच्या मनगटात अडकवून दिला. दीड दिवस लागला. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. तळ्यावर राजहंसांची दोन जोडपी होती आणि पाणी असं निवांत की त्यात डोंगर उलटा उभा.

एविंदुर त्या शिळेजवळ गेला, तिच्यावर हात ठेवला, डावाच.

"त्या दिवशी," सिग्वाल्दी म्हणाला, "मी जा म्हटलं तेव्हा तू 'नाही' का म्हणाला नाहीस? मोराला तर तूही पाहिलं होतंस."

"पाहिलं होतं."

"मग?"

"मला ही तळी अशा लख्ख उन्हात बघायची होती. आई सांगायची तिच्या लहानपणचं." एविंदुर बसला. "विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं."

दोघांनी धुरावलेलं मटण आणि भाकरी खाल्ली. एविंदुर दुपारभर हललाच नाही. परतताना तो गुणगुणत होता, आणि उजव्या हाताची पाच व डाव्याची दोन बोटं खोगिरावर काहीतरी वाजवत होती.

सिग्वाल्दीला मात्र घरी आल्यावर जड वाटलं. स्टेनुननं विचारलं, "कसा होता डोंगर?"

"डोंगर तोच आहे गं." तो बूट काढत राहिला. "पण हाकायला कळप नाही, माणसं नाहीत. 'आता काय करायचं' असं कुणी विचारणारं नाही. आणि मी तरी कुणाला विचारू, 'तुला काय वाटतं'? एविंदुरला आता फक्त पाणी बघायचं होतं."

"मला विचार की."

"काय विचारू?"

"काहीही. एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला."

त्यानं तिच्याकडे बघितलं. ती ओट्याशी उभी होती, हाताला माती, समोर नव्या बटाट्यांची टोपली. मग तो म्हणाला, "मी वर गेलो की इथं तुझे दिवस कसे जायचे?"

स्टेनुननं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि समोर येऊन बसली. ती बोलायला लागली, आणि तो ऐकत राहिला. सांगण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं.